पालघर जिल्ह्यातील नैसर्गिक आपत्तींची जोखीम कशी मोजावी?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे त्याचे आठ तालुके. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस सह्याद्रीचे उतार आणि मधून वाहणाऱ्या वैतरणा, सूर्या, पिंजाळ या नद्या, अशी त्याची ठेवण आहे. आपली धर्मग्रामे वसईच्या किनारपट्टीत दाटीने, तर डहाणू-तलासरीच्या आदिवासी पट्ट्यात विरळपणे वसलेली आहेत.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वृत्तपत्रांतून आपण वाचतो की जिल्ह्यातील अमुक गावे 'पूरप्रवण' आहेत आणि तमुक गावे 'दरडप्रवण'. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. त्याने जिल्ह्याचा आराखडा तयार करावा आणि तो दरवर्षी तपासून अद्ययावत करावा, असा दंडक आहे. या आराखड्याचा पाया म्हणजे जोखमीचे मूल्यांकन. पुढील सर्व गोष्टी, म्हणजे बोटी कोठे ठेवायच्या, निवारा कोठे उभारायचा, निधी कोणत्या तालुक्याला द्यायचा, या त्याच्यावर अवलंबून असतात. पाया चुकला तर बोट एका गावी आणि पूर दुसऱ्या गावी, अशी गत होते. म्हणूनच हे मूल्यांकन कसे करतात आणि त्यात काय निसटते, हे सामान्य नागरिकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

संकट वेगळे, जोखीम वेगळी

आपण 'धोका' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो आणि तेथेच घोटाळा होतो. भूकंप, चक्रीवादळ, अतिवृष्टी, वीज पडणे ही संकटे होत. ती निसर्गाची आहेत. निर्जन डोंगरावर दरड कोसळली तर ती भूगर्भशास्त्रज्ञाच्या टिपणवहीतील एक नोंद ठरते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पंचवीस घरांचा पाडा असेल तर तिला आपत्ती म्हणावे लागते. जोखीम मोजताना म्हणून चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: संकट किती वेळा आणि किती जोराने येते, त्याच्या टप्प्यात किती माणसे व किती मालमत्ता आहे, ती माणसे व ती घरे किती दुबळी आहेत आणि संकट आल्यावर सावरण्याची त्यांची तयारी कितपत आहे. पहिली गोष्ट आपल्या हाती फारशी नाही. उरलेल्या तिन्ही बऱ्याच अंशी माणसाने घडविलेल्या असतात.

पालघरच्या बाबतीत दुसऱ्या गोष्टीपाशीच अडखळायला होते. २०११ च्या जनगणनेनुसार या आठ तालुक्यांची लोकसंख्या सुमारे २९ लाख ९० हजार होती. त्यांपैकी १३ लाख ४३ हजार लोक एकट्या वसई तालुक्यात राहत होते. मोखाडा तालुक्यात मात्र अवघे ८३ हजार लोक होते आणि जव्हारमध्ये १ लाख ४० हजार. जिल्ह्यातील सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तेही मुख्यतः वसईबाहेरच्या तालुक्यांत. अशा जिल्ह्याची 'सरासरी' काढली तर ती ना वसईचे वर्णन करते ना मोखाड्याचे. किती माणसे बाधित होतील एवढाच निकष धरला तर प्रत्येक यादीत वसई-विरारचा क्रमांक पहिला लागतो आणि दुर्गम पाडे तळाशी जातात. याउलट, बाधित झालेल्या माणसाकडे सावरण्यासाठी काय आहे असे विचारले तर क्रम उलटा होतो. दोन्ही प्रश्न न्याय्य आहेत. परंतु आराखड्यात बहुधा पहिल्याचेच उत्तर दिलेले असते, कारण ते मोजायला सोपे.

जमिनीखालचे संकट

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहानलहान धक्के बसू लागले. एक मोठा धक्का आणि त्यामागून कमी होत जाणारे लहान धक्के, असा नेहमीचा क्रम येथे दिसला नाही. मुख्य म्हणावा असा धक्का नसलेल्या धक्क्यांच्या या रांगेस भूकंपमालिका म्हणतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक बालिका मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी जुलै महिन्यात डहाणू तालुक्यात घराची भिंत अंगावर कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला. पुढील वर्षी, करोनाच्या काळातही, धक्के चालूच राहिले.

हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांनी तेथे भूकंपमापक यंत्रे बसविली. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोलवर झिरपते, तेथील दाब वाढवते आणि आधीच ताण सोसत असलेले खडक त्यामुळे सरकतात, असे एक स्पष्टीकरण संशोधकांनी मांडले आहे. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकांखाली अशा जुन्या भेगा अनेक आहेत. १९८३ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या परिसरातही धक्के जाणवले होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

आता मूल्यांकनाकडे वळू. चार आणि सहा तीव्रतेचे भूकंप यांत आकड्याचा फरक दोनचा दिसतो. प्रत्यक्षात तीव्रतेची एक पायरी चढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, म्हणजे दोन पायऱ्यांत ती हजार पट होते. या हिशेबाने डहाणूचे धक्के क्षुल्लक ठरतात. विरारच्या काँक्रीटच्या इमारतीत ४.१ चा धक्का पंखा हलवून निघून जातो. परंतु माती-विटांच्या भिंतीला अशा धक्क्याने तडा जातो. पुढच्या धक्क्याने तो रुंदावतो. आणि कधीतरी पावसात भिजलेली ती भिंत तुलनेने लहान हादऱ्यानेही बसते. एकेका धक्क्याचा स्वतंत्र विचार करणाऱ्या तक्त्याला ही साचत जाणारी दुर्बलता दिसत नाही.

येथे घरांविषयीची एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. शासकीय पाहणीत घरांची 'कच्ची' आणि 'पक्की' अशी वर्गवारी करतात आणि कच्चे म्हणजे असुरक्षित असे समीकरण मांडतात. वारली बांधवांचे पारंपरिक घर कारवीच्या कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती-शेण लिंपलेली ही भिंत हलकी व लवचीक असते. भूकंपात ती डोलते, क्वचित पडते, आणि पडली तरी सहसा जीव घेत नाही. याउलट, दरवाजा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना एकत्र बांधणारा सळ्यांचा सलग काँक्रीट पट्टा न घालता उभारलेले विटांचे घर कागदोपत्री पक्के असते, पण भूकंपात त्याच्या चार भिंती चार दिशांना फाकतात. चक्रीवादळात मात्र उलट घडते: कुडाचे घर उडते आणि विटांचे तगून राहते. तात्पर्य, घर कोणत्या संकटापुढे दुबळे आहे हे न विचारता त्याला एकच गुण देणे ही ढोबळ चूक होय. आराखड्यांतून ती सर्रास आढळते, आणि घरकुल योजनांतून कुडाच्या जागी विटा येत असताना तिचे मोल वाढते आहे.

दुसरी बाब ऋतूची. भूकंपाच्या भयाने लोक जानेवारी-फेब्रुवारी २०१९ मध्ये थंडीत घराबाहेर झोपले. प्रशासनाने तंबू दिले, काही ठिकाणी शाळाही बाहेर भरल्या. 'घराबाहेर राहा' हा सल्ला हिवाळ्यात पाळता येतो. जुलैच्या धुवाधार पावसात तान्ह्या मुलाला घेऊन उघड्यावर कोण झोपणार? तेव्हा माणसे पुन्हा त्याच तडकलेल्या भिंतींच्या आड जातात. तक्त्यात भूकंपाचा रकाना वेगळा आणि अतिवृष्टीचा वेगळा असतो. डहाणूच्या पाड्यावर ती दोन्ही संकटे एकाच रात्री, एकाच छपराखाली भेटतात.

नकाशा म्हणजे हमी नव्हे

भूकंपप्रवणतेच्या २००२ च्या नकाशात पालघरचा प्रदेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम विभागात दाखविला आहे. असा नकाशा उपयुक्त असतो, पण त्याला हमीपत्र मानणे किती घातक ठरते, हे महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे ८ हजार माणसे गेली. त्या काळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तीव्रता सहाहून थोडी अधिक होती. जगात असे भूकंप दरवर्षी अनेक होतात. जीव घेतले ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि छपरावरील मातीच्या थरांनी, आणि माणसे झोपेत असण्याच्या वेळेने. पुढे नकाशा बदलला, पहिला विभागच रद्द करण्यात आला. म्हणजे मूल्यांकनाची दुरुस्ती आपत्तीने केली.

जुन्या नोंदी वाचण्यातही किती सावधगिरी लागते, याचे एक उदाहरण खुद्द वसईच्या इतिहासात आहे. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर भीषण उत्पात झाला. वसईतील चर्चेस व मठांची मोठी हानी झाली, वृक्ष उन्मळून पडले, समुद्र खवळून आत शिरला, अशी वर्णने पोर्तुगीज काळापासून चालत आली आहेत आणि ठाणे जिल्ह्याच्या एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्येही त्यांची दखल घेतलेली आहे. भूकंपांच्या काही सूचींत मात्र हीच घटना 'मुंबईचा भूकंप' म्हणून नोंदली गेली. मूळ वर्णनांतील वारा, मेघगर्जना आणि लाटा पाहता ते चक्रीवादळ होते, असे काही संशोधकांचे मत आहे आणि ते पटण्याजोगे आहे. हा वाद केवळ इतिहासकारांचा नाही. घटना भूकंपाच्या खात्यात टाकली की किनाऱ्याचे भूकंपाचे गणित फुगते. त्याच वेळी चक्रीवादळाच्या खात्यातून आपल्या किनाऱ्यावरील एक अतिभीषण नोंद पुसली जाते आणि 'अरबी समुद्रातील वादळे आपल्याकडे येत नाहीत' हा समज दृढ होतो.

तो समज अलीकडच्या काळात डळमळला आहे. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान', ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' आणि मे २०२१ मधील 'तौक्ते' ही नावे मच्छीमार बांधवांच्या तोंडी आहेत. तौक्ते आपल्या किनाऱ्यावर चढलेच नाही. ते समुद्रातून समांतर सरकत गुजरातला गेले. तरीही १७ मे २०२१ रोजी मुंबईपासून दूर खोल समुद्रात 'पी-३०५' ही तराफा-नौका बुडाली आणि अनेक कामगार प्राणास मुकले. जमिनीवर झाडे व विजेचे खांब कोसळले, चिकू, आंबा व केळीच्या बागांचे नुकसान झाले. केवळ बाजूने गेलेल्या वादळाने इतके केले. डहाणूच्या बागायतदाराची दहा-पंधरा वर्षांची झाडे एका रात्रीत जातात, तेव्हा नुकसानीच्या पंचनाम्यात त्या हंगामाचे फळ धरले जाते, पण नवे झाड फळावर येईपर्यंतची वर्षे धरली जात नाहीत.

वसईचे पाणी

वसईच्या पुराविषयी या पृष्ठांवर वेगळे सांगायला नको, तो सर्वांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून पाहिला आहे. जुलै २०१८ मध्ये रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला, लांब पल्ल्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले, वसईच्या मिठागरातील सुमारे चारशे लोक पाण्याने वेढले गेले, आणि मोठ्या भागाची वीज खंडित झाली. त्या दिवसांत पाऊस मोठा होता यात शंका नाही. परंतु पूर हा केवळ पावसाचा हिशेब नसतो.

पश्चिम वसईची जमीन समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. पावसाचे पाणी नाल्यांतून खाडीत जाते आणि भरतीच्या वेळी खाडीच ते अडवून धरते. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि अतिवृष्टी एकत्र आली की पाण्याला काही तास जायला वाटच नसते. त्या काही तासांसाठी पाणी साठवण्याची व्यवस्था आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती: वाडी-वाडीतील बावखले, सखल खाजणे, बांधावरच्या उघाड्या. बावखल म्हणजे बागायतीचे पाणी, असे आपण मानीत आलो. पुराच्या दृष्टीने ते पावसाचा पहिला लोंढा पोटात घेणारे भांडे होते. एक बावखल बुजविल्याने पूर येत नाही, म्हणून प्रत्येक बावखल बुजविणाऱ्याचा युक्तिवाद आपापल्या जागी खरा असतो. शेकडो बुजली की काय होते, हे कोणत्याही एका परवानगीच्या कागदावर लिहिलेले नसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई'ची चळवळ उभारली तेव्हा तिला विकासविरोधी म्हणणारे कमी नव्हते. आज तिच्या मागण्या वाचल्या तर त्यांत जोखमीचे मूल्यांकनच दिसते, शब्द तेवढे वेगळे.

पूर मोजताना 'शंभर वर्षांतून एकदा येणारा' असा शब्दप्रयोग अभियंते करतात आणि तो फार दिशाभूल करतो. असा पूर एकदा येऊन गेला की आता शंभर वर्षे निवांत, असे लोक समजतात. त्याचा खरा अर्थ, दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षांचे गृहकर्ज घेऊन सखल भागात घर घेणाऱ्या कुटुंबाला कर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा पाहावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. शिवाय हा हिशेब जुन्या पावसाच्या नोंदींवर आणि जुन्या जमिनीवर बेतलेला असतो. पाऊस बदलतो आहे आणि जमीन तर आपणच बदलली आहे.

आवाज न करणाऱ्या आपत्ती

जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात स्त्रिया हंडे घेऊन दूरवर पाणी शोधत जातात. उतार तीव्र, माती उथळ आणि खाली अभेद्य कातळ, त्यामुळे पाणी वाहून जाते. या टंचाईची तारीख नसते, तिच्या बातमीला छायाचित्रही एकाच साच्याचे. म्हणून मूल्यांकनात तिचे गुण कमी पडतात. परंतु दुर्बलता येथेच तयार होते. पाणी नाही म्हणून दुसरे पीक नाही, पीक नाही म्हणून कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर स्थलांतर करते, मुलांची शाळा सुटते, आहार तुटतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी देश हादरला होता. त्या वर्षी तेथे ना भूकंप झाला होता ना वादळ.

वीज पडून देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत शेतात काम करणारे, गुरे राखणारे, झाडाखाली आसरा घेणारे अधिक. एका वेळी एक-दोन माणसे जातात, म्हणून ती आपत्ती वाटत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' हे मोबाईलवरील ॲप तयार केले आहे. ते आसपास वीज पडण्याची सूचना आधी देते. उपाय स्वस्त आहे. अडचण एवढीच की ज्याच्या हातात नांगर आहे त्याच्या खिशात चार्ज केलेला फोन व त्याला जाळे असेलच असे नाही. वैतरणा खाडीतील वाढीवसारख्या, चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या गावी किंवा अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर आजारी माणसाला हलवायचे तर आधी वाट कोणती, हा प्रश्न येतो. सूचना मिळणे आणि सूचनेप्रमाणे वागता येणे यांत अंतर असते, आणि तेही मोजावे लागते.

गुणाकाराचा मोह

बहुतेक आराखड्यांत एक तक्ता असतो. संकटाच्या शक्यतेला एक ते पाच गुण, परिणामाला एक ते पाच गुण, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे जोखीम. तक्ता निरुपयोगी आहे असे नव्हे. चर्चेला आरंभ करून देण्यास तो बरा. पण त्यात वारंवार येणाऱ्या क्षुल्लक पाणी तुंबण्याला पाच गुणिले एक म्हणून पाच गुण मिळतात आणि शतकातून एकदा येणाऱ्या १६१८ सारख्या वादळालाही एक गुणिले पाच म्हणून पाचच. पहिल्यासाठी नाला साफ करावा लागतो, दुसऱ्यासाठी माणसे हलवावी लागतात. समान गुण पाहून समान उपाय करणारा अधिकारी दोन्हीकडे फसतो. म्हणून तक्ता वाचताना बेरीज-गुणाकाराकडे कमी आणि प्रत्येक गुण कशावरून दिला या टिपणाकडे अधिक पाहावे. टिपण नसेल तर तसे विचारावे; ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येकास अधिकार आहे.

लोकसंख्येचे आकडेही जुने आहेत. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने २०११ चेच आकडे दीर्घकाळ आधार राहिले. नवी जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. घरांच्या यादीत भिंत कशाची, छप्पर कशाचे, हेही विचारले जाते. ही माहिती भूकंपाच्या दृष्टीने अमोल आहे, परंतु 'भाजलेल्या विटा' असे लिहिल्याने आत सळ्यांचा पट्टा आहे की नाही हे कळत नाही. ते गावातील गवंड्यालाच ठाऊक असते.

धर्मग्रामाच्या पातळीवर

जिल्ह्याच्या आराखड्यात जे मावत नाही ते धर्मग्रामाला आणि ग्रामपंचायतीला माहीत असते, अनेकदा आपल्याला माहीत आहे याची जाणीव नसताना. वसईतील किती घरांत आज केवळ वृद्ध आई-वडील आहेत आणि मुले आखाती देशांत वा कॅनडात आहेत, हे कोणत्याही शासकीय यादीत नाही. परंतु दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन घेऊन जाणाऱ्यांना कोण अंथरुणाला खिळले आहे, कोण पहिल्या मजल्यावर एकटे राहते, कोणाच्या दारापर्यंत गाडी जात नाही, हे पाठ असते. पुराच्या दिवशी सर्वप्रथम कोणाकडे जायचे याची ती तयार यादी आहे. संबंधितांची संमती घेऊन, आणि सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांची नावे तीत घालून, ती ग्रामपंचायतीकडे किंवा प्रभाग कार्यालयाकडे द्यायला हवी.

आपल्या इमारतींचेही मूल्यांकन व्हावे. संकटकाळी लोक चर्चच्या सभागृहात वा शाळेत आश्रयाला येतात, हे आपण गृहीत धरतो. जुन्या चर्चच्या दगड-चुन्याच्या भिंती व उंच दर्शनी भाग भूकंपात सर्वांत आधी संकटात येतात. तेथे लोकांना एकत्र करणे धोक्याचे ठरू शकते. डहाणू-तलासरीतील मिशनच्या शाळा व वसतिगृहे यांची तपासणी जाणत्या अभियंत्याकडून करून घेणे हा खर्च लांबणीवर टाकण्याजोगा नाही, कारण तेथे रात्री दुसऱ्यांची मुले झोपतात. वसईच्या सखल भागात प्रश्न वेगळे: सभागृहाचे जोते २०१८ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर आहे काय, जनित्र तळमजल्यावर ठेवले आहे काय, शौचालये पाण्याखाली जातात काय, आणि तेथे पोहोचण्याचा रस्ता इमारतीआधीच बुडतो काय.

मे महिन्याच्या मध्यास, पहिल्या पावसाआधी, युवक संघाने दोन-तीन ज्येष्ठांना सोबत घेऊन गाव पायी फिरावे. २००५ आणि २०१८ मध्ये पाणी कोठवर आले होते याच्या खुणा ज्येष्ठांना दाखवू द्याव्यात व त्या भिंतींवर रंगाने, वर्षासह, कायमच्या कराव्यात. उघाडीची झडप हलते की गंजली आहे ते पाहावे. कोणते बावखल मोजणीच्या जुन्या नकाशात आहे आणि जमिनीवर नाही, हे लिहून ठेवावे. पावसाळ्यातील मोठ्या भरतींच्या तारखा आधीच प्रसिद्ध होतात. जून ते सप्टेंबरमधील साडेचार मीटरवरील प्रत्येक भरतीची तारीख व वेळ चर्चच्या सूचनाफलकावर लावावी, आणि त्या दिवशी अतिवृष्टीचा इशारा असेल तर खालच्या घरांतील धान्य, औषधे व कागदपत्रे पाणी येण्याआधी कोण वर हलवून देणार, त्यांची नावे त्याच कागदावर लिहावीत.